डोक्यामागचा चेहरा

मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास आला की माझा हात आपोआप चेहऱ्यावर जातो. आमदार झाल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, मोहफुलं वेचताना एका बाईला वाघानं मारलं म्हणून मी त्या जंगलातल्या गावी धावलो. झाडाखाली तिची टोपली कलंडली होती आणि शेजारी, आम्ही प्रचारात वाटलेला माझ्या हसऱ्या चेहऱ्याचा कागदी मुखवटा रक्तात पडला होता. तिचा नवरा हळूच म्हणाला, "वाघ मागून येते, भाऊ. मानसाचं तोंड दिसलं तर येत नाई म्हनतात. म्हनून तिनं डोक्यामागं तुमचं तोंड बांधलं होतं." यंदाच्या निवडणुकीसाठी कार्यकर्ते परवा नवा मुखवटा दाखवायला आले. त्यावर मी तसाच हसत होतो.