नाखव्याचा ट्रक आणि होडीचं तेल

इंजिन चालू झालं तेव्हा धर्मा नाखव्याने बंपरवर नारळ फोडला. खोबरं वाटून होईपर्यंत रेडिएटर उकळायला लागला. लोकांनी खोबरं तोंडात टाकलं आणि काढता पाय घेतला.

ट्रक आगरदांड्याच्या धक्क्याजवळ उभा होता. लढाईत राबलेला, लष्कराच्या लिलावातला. होडीतला आपला वाटा मोठ्या भावाला, पांडूदादाला, विकून धर्माने तो घेतला होता. सुके बोंबील रोह्याच्या बाजारात न्यायचे, असा बेत. पण घाट आला की गाडी उकळायची. मागच्या खेपेला ती घाटातच बंद पडली आणि बैल लावून खाली आणावी लागली. पांडूदादाने भर वस्तीत सांगून टाकलं, "अजून एकदा उकलली तर ह्यो डबा भंगारात घाल आन् माझ्या होडीवर खलाशी म्हनून ये." काल ज्या होडीचा मालक, तिच्यावर उद्या पगारी खलाशी! धर्माची झोपच उडाली होती.

मी तिसरा मिस्तरी; माझ्याआधी या गाडीचे दोन वैद्य होऊन गेले होते. पहिल्याने थर्मोस्टॅट काढून फेकला. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार, इंजिन तापलं की उघडतं. दुसरा मोठ्या गॅरेजचा, इस्त्रीच्या कपड्यातला. त्याने वॉटर पंप बदलला, फॅनबेल्ट बदलला आणि जाताना सांगितलं, "आता ड्रायव्हर बदला." ड्रायव्हर इब्राहिमभाई त्याचं नाव निघालं की थुंकायचा.

मी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं. तापून तापून त्याखालची पातळ गॅस्केट जळली होती, सिलिंडरमध्ये पाणी शिरलं होतं. गॅस्केट नवी घातली, म्हणून तर इंजिन सुरू झालं. पण गॅस्केट जळली ती तापल्यामुळे. मुळात तापत का होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही.

शेवटी मी एक जुना पेपर मागवला.

"आता वाचत बसताव?" धर्मा करवादला.

मी पेपराचं पान रेडिएटरच्या समोर धरलं. पंखा मागून हवा ओढतो, त्यामुळे कागद रेडिएटरला चिकटून बसायला हवा. तो सरळ खाली पडला. पोट सगळ्यांनी तपासलं होतं, नाक कुणीच बघितलं नव्हतं. पुढचं लोखंडी गार्ड काढलं आणि रेडिएटरची जाळी नखाने खरवडली. नखाखाली काळा चिकटा आला. वास घेतला आणि जेवणाची इच्छा गेली.

"नाखवा, हे काय आहे?"

"माशाचं तेल न् राळ. होडीला देताव तंच." धर्मा छाती फुगवून म्हणाला. "खारी हवा हाय. गंजून जाईल म्हनून चांगले दोन हात दिले."

"तरीच!"

"माझ्या बापाची होडी या तेलावर तरली, मिस्तरी."

"होडीत पाणी शिरू द्यायचं नसतं. रेडिएटरमध्ये हवा शिरावी लागते. तुम्ही गाडीच्या नाकात बोळे कोंबलेत."

"मंग आदी सांगाचा न्हाय?"

मी रेडिएटर उतरवला. कपडे धुण्याचा सोडा उकळत्या पाण्यात टाकून तो घासत बसलो. वस्तीतली झाडून सगळी मांजरं भोवती गोळा झाली. मदतीला माणूस मात्र एक नाही. काळ्या लोण्यासारखा थर निघाला आणि खालून तांबं चमकलं. मला खरंच आनंद झाला. परत बसवून कागद धरला, तो चटकन चिकटला.

दुसऱ्या दिवशी गोण्या भरल्या आणि तिघे निघालो. मी मधे, पाय गिअरच्या दांड्याभोवती. धर्मा सारखा देवाचं नाव घेत होता. घाट लागला, इब्राहिमभाईने दुसरा टाकला, मग पहिला. वाफेचा धूर नाही. माथ्यावर पांडूदादा पाण्याची बादली घेऊन तयारच होता. भावाची फजिती बघायला एवढा चढ चढून आला होता बिचारा.

चढभर ब्रेकला पाय लागला नव्हता; माथ्यावर इब्राहिमभाईने हँडब्रेक ओढून गाडी थांबवली. मी रेडिएटरवर हात ठेवला. गरम, पण उकळी नाही. धर्माने भावाकडे बघितलं. "दादा, बादली आनलीच हाय तर अंघोल कर."

मीही पोट धरून हसलो. तेवढ्यात इब्राहिमभाईने हँडब्रेक सोडून पायाचा ब्रेक दाबला. गाडी पुढे सरकू लागली. त्याने घाईने हँडब्रेक ओढला आणि पांढऱ्याफटक तोंडाने माझ्याकडे बघितलं.

धर्मा खाली बघत म्हणाला, "ब्रेक लय कुरकुरत व्हते, मिस्तरी. सकाली चाकांच्या मागच्या भोकांतून होडीचं थोडं तेल आत सोडलं."

तेलाने चाकांच्या ब्रेकची पकडच गेली होती; हँडब्रेक चाकांवर नव्हता, म्हणून तेवढा वाचला. पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकला हात लावून, गोगलगाईसारखे आम्ही घाट उतरलो. धर्मा चाकाखाली लावायला दगड घेऊन गाडीशेजारून धावत होता. पांडूदादा बादली हलवत पुढे चालत होता आणि आमच्या खूप आधी पायथ्याला पोहोचला. बोंबील मात्र रोह्याला गेले, आणि धर्मा कधीच कुणाच्या होडीवर खलाशी म्हणून गेला नाही.

तेव्हापासून गाडी दारात आली की मी मालकाला म्हणतो, काय बिघडलंय ते नंतर सांगा. तुम्ही काय काय दुरुस्त केलंय, ते आधी सांगा.