बाईंनी ओढलेली तार

"सायेब, काय काय उघडं हाय?"

बोलपेनचं टोपण लॅपटॉपच्या पाठीवर दोनदा वाजवून बाई हा प्रश्न विचारायच्या, तोही खणखणीत आवाजात. आमच्याकडे नव्यानं आलेले एक अधीक्षक पहिल्याच दिवशी तो ऐकून शर्टाची बटणं चाचपू लागले होते. बाईंना मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. ऑनलाइन सभेत आपला स्क्रीन चारचौघांना दाखवण्याआधी त्यावर आपलं काय काय पसरलंय, एवढंच त्यांना विचारायचं असायचं.

आमची संस्था कोल्हापुरात. जिल्ह्यातल्या गावोगावी मुलामुलींची वसतिगृहं चालवते. मी तिथं कार्यक्रम अधिकारी आणि बाई कॉम्प्युटर ऑपरेटर. टाइपरायटरवर नोकरीला लागलेल्या, मग कॉम्प्युटर आला तो शिकल्या, मग इंटरनेट आलं तेही शिकल्या. रोज हातकणंगल्याहून रेल्वेनं यायच्या. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणायच्या. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. कोणत्याही फोटोत ती नसतात, पण ती रजेवर गेली की प्रिंटरसुद्धा चालत नाही.

दर मंगळवारी अकराला सगळ्या वसतिगृहांच्या रेक्टरांची ऑनलाइन सभा व्हायची. ती मी चालवायचो. 'चालवायचो' म्हणजे बोलायचो. बाकीचं बाई करायच्या. त्या समोरच्या टेबलावर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सभेत सामील व्हायच्या, म्हणजे गावात बसलेल्याला जे दिसतं ते त्यांनाही दिसायचं.

सभेआधी त्या मला दर वेळी सांगायच्या, "आख्खा स्क्रीन दावू नका. जी फाईल पायजे तेवढीच दावा. पावणं आलं तर आपण त्यास्नी सोप्यात बसवतो, व्हय का न्हाय? माजघर, न्हाणी, कोठी दावत हिंडतो का?"

मी मान डोलवायचो आणि आख्खा स्क्रीन दाखवायचो. मला वाटायचं, मी पदवीधर माणूस, तीस वर्षं नोकरी झालेला, मला कॉम्प्युटर काय शिकवायचा!

त्याचं फळ एका मंगळवारी मिळालं. धान्यसाठ्याचा तक्ता दाखवताना मी इंटरनेटवर काहीतरी शोधायला गेलो. 'ट' एवढंच टाइप केलं आणि यंत्रानं उरलेलं स्वतःहून पूर्ण केलं: 'टक्कल पडलेल्या जागी कांद्याचा रस किती दिवस लावावा'. त्याच वेळी कोपऱ्यात बायकोचा मेसेज टपकला, 'येताना दोडका आणू नका. कालचा किडका निघाला. तुम्हाला बघून घेता येत नाही.'

सगळ्या जिल्ह्यानं ते वाचलं. पुढच्या महिन्यात मी बिद्रीकडच्या वसतिगृहाला भेट द्यायला गेलो, तर तिथले रेक्टर माझ्या डोक्याकडे आस्थेनं बघत म्हणाले, "सर, कांद्यानं काय हुत न्हाई. आमच्या सासऱ्यांनी करून बघितलंय की."

मग बाईंनी माझ्या कॉम्प्युटरवर सभेसाठी म्हणून एक वेगळं, कोरं खातं तयार करून दिलं. त्यात ना माझे मेसेज, ना माझं टक्कल. मी ते दोन मंगळवार वापरलं. तिसऱ्या मंगळवारी त्याचा पासवर्ड विसरलो. बाईंना विचारायची लाज वाटली, म्हणून पुन्हा आपल्या जुन्या खात्यावर आलो.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं तसं नाही.

मलकापूरच्या पुढं एका गावात आमचं मुलींचं वसतिगृह आहे. तिथं स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी मला एक पत्र पाठवलं होतं. वहीच्या दोन पानांवर पेन्सिलीनं लिहिलेलं. वसतिगृहाचे रेक्टर डाळ-तांदळाची पोती बाहेर नेतात, मुलींच्या ताटात पाण्यासारखी आमटी पडते, आणि बोलाल तर कामावरून काढीन म्हणून धमकावतात, असं त्यात होतं. मावशी एकट्या. नवरा वारलेला, मुलगी त्याच वसतिगृहात शिकणारी. शेवटी लिहिलं होतं, 'माझं नाव कुणाला कळू देऊ नका.' मी फोन करून त्यांना शब्द दिला होता.

अडचण अशी की तो रेक्टर आमच्या कार्यवाहांच्या नात्यातला. म्हणून पत्र कार्यवाहांना न देता थेट अध्यक्षांच्या हातात द्यायचं मी ठरवलं. ते पंधरा दिवसांनी गावाहून येणार होते. तोवर मी बाईंकडून पत्र स्कॅन करून घेतलं आणि माझ्या लॅपटॉपवर ठेवलं. कुठं ठेवलं? डेस्कटॉपवर, मधोमध. आणि फाईलला नाव काय दिलं? 'अतिगुप्त' असं लिहून पुढं मावशींचं आख्खं नाव, गावासकट. आजही ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

त्या मंगळवारी कार्यवाह स्वतः माझ्या शेजारी येऊन बसले होते. सभेत तो रेक्टरही होता, पहिल्याच रांगेतल्या चौकोनात. बाईंनी टोपण वाजवून नेहमीचा प्रश्न विचारला. कार्यवाहांसमोर तो मला अपमानासारखा वाटला. मी म्हणालो, "बाई, कळतंय मला." आणि आख्खा स्क्रीन सुरू केला.

कार्यवाह मान खाली घालून कागद चाळत होते. मला हजेरीचा तक्ता उघडायचा होता. मी बोलता बोलता दोनदा टिचकी मारली. ती शेजारच्या फाईलवर पडली.

तेवढ्यात धप्पकन आवाज झाला आणि सगळे चौकोन गोठले. बाई भिंतीपाशी उभ्या होत्या. इंटरनेटच्या डब्याची तार त्यांच्या हातात लोंबत होती.

"काय केलंत हे!" मी ओरडलो. "डोकं ठिकाणावर आहे का?"

"पाय अडकला, सायेब," त्या म्हणाल्या आणि टेबलाशी येऊन माझा लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

पाय खाली असतो आणि तो डबा माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर होता, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. कार्यवाह तडक उठून गेले. दारातून म्हणाले, "यांना मेमो द्या. आजच्या आज."

ते गेल्यावर बाईंनी माझा लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर पेन्सिलीच्या अक्षरातलं ते पत्र होतं.

मी घाईघाईनं ती फाईल बंद केली. मावशींचा फोनवरचा दबका आवाज आठवला. त्या आवाजामागं भांड्यांचा खडखडाट येत होता.

"त्यानं बघितलं असंल का?" मी विचारलं. घाबरलो की मीही गावचं बोलतो.

"माझ्या स्क्रीनवर नुसतं धुरकट आलतं. अक्षर लागत न्हवतं. पर थांबा." बाईंनी फोन उचलला आणि त्या रेक्टरलाच लावला. "सर, हितं तार निघाली. पुन्हा जोडायला लागलोय. तुमास्नी शेवटी काय दिसत हुतं?"

फोनमधलं बोलणं मलाही ऐकू आलं. "सायेब गॉगल लावून पन्हाळ्यावर हुबं ऱ्हायलंत, त्यो फोटू. मग सगळं गार."

तो माझा डेस्कटॉपवरचा फोटो. गॉगल उसना होता. त्या फोटोनं आयुष्यात केलेलं तेवढंच एक चांगलं काम. फाईलींची बारकी नावं त्याला वाचता आली नसावीत. आली असती तर तो असा हसत बोलला नसता.

मी म्हणालो, "बाई, मी कार्यवाहांना खरं सांगतो."

"काय सांगणार? पत्र उघडलं म्हणून बाईनं तार वडली? मग ते म्हणतील, कसलं पत्र? कुणाचं?" त्यांनी तार पुन्हा जोडली. "द्या मला मेमो. मी पेन्शनीला आलोय. त्या बाईला अजून पोरगी शिकवायची हाय."

मी मेमो लिहिला. 'निष्काळजीपणामुळे महत्त्वाच्या सभेत व्यत्यय आणला.' खाली माझी सही. बाईंनीच तो टाइप केला, पोच म्हणून स्वतःची सही केली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेल्या. अध्यक्ष येईपर्यंतचे दिवस मी त्यांच्या टेबलापुढून जाताना मोबाइलमध्ये बघत जायचो.

अध्यक्ष आले. पत्र त्यांना दिलं. एका दुपारी ऐन जेवणाच्या वेळी, न कळवता, दोन विश्वस्त त्या वसतिगृहात जाऊन मुलींच्या पंगतीत बसले. त्यांनी आमटी बघितली, कोठार बघितलं. आठवड्याभरात रेक्टर बदलला. तक्रार कुणी केली, हे शेवटपर्यंत बाहेर आलं नाही.

मग मी कार्यवाहांकडे गेलो आणि म्हणालो, "त्या दिवशी चूक माझी होती. माझी एक घरगुती फाईल चुकून उघडली म्हणून तार मीच खुणेनं काढायला सांगितली."

"मग तिच्यावर ओरडलात कशाला?"

"सवय," मी म्हणालो.

बाईंचा मेमो रद्द झाला आणि दुसऱ्या दिवशी तसाच एक मला मिळाला. मी तो बाईंना दाखवला. चार शब्द चांगले ऐकायला मिळतील अशी माझी आशा होती. बाईंनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, "दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकल्यात. माझ्याकडं दिला असता तर नीट करून दिला असता."

मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी दुसरं कुणी आलेलं नाही. सभा अजून मंगळवारीच असते. आता मी आधी एकेक खिडकी बंद करतो, मेसेज थांबवतो आणि लागेल तेवढी एकच फाईल दाखवतो. त्याला मला दहा मिनिटं लागतात आणि सगळा जिल्हा ताटकळत बसतो.

पण बाई मला आठवतात त्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यातल्या. त्या दिवशी मलकापूरकडच्या त्या मावशी कोल्हापुरात आल्या होत्या. नाचणीच्या पिठाची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "सायेब, तुमी शबुद पाळला. माझं नाव फुटू दिलं न्हाईसा."

मी बाईंकडे बघितलं. आता तरी सांगावं म्हणून तोंड उघडलं. बाईंनी नुसते डोळे मोठे केले. बरोबरच होतं. सांगितलं असतं तर आपलं नाव किती थोडक्यात वाचलं ते मावशींना कळलं असतं, आणि झोप उडाली असती. मी ते आभार आणि ते पीठ दोन्ही ठेवून घेतलं. इतकी जड पिशवी मी आजवर उचललेली नाही.

मावशींना एसटी स्टँडची वाट ठाऊक नव्हती. बाई म्हणाल्या, "चला, मी येतो फाटकापतोर. रिक्षा बघून देतो." मी खिडकीत उभा राहिलो. मावशींच्या हातातली दुसरी पिशवी बाईंनी काढून घेतली होती. फाटकाशी मावशींनी विचारलेलं मला वर ऐकू आलं, "तुमी हितं काय करता, ताई?"

"मी व्हय?" बाई रिक्षाला हात करत म्हणाल्या, "मी मशीन चालू-बंद करतो."