फोन न उचलणारे

घरात तिला आकडेबाई म्हणत. हे नाव तिच्या थोरल्या भावानं, दादानं ठेवलेलं. लहानपणी ती जिन्याच्या पायऱ्या मोठमोठ्यानं मोजत चढायची, तेव्हापासून ते जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे आकडेबाई अर्थशास्त्रात डॉक्टरेट करायला मोठ्या विद्यापीठात गेली, तेव्हा दादा टायरच्या कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटला, "आमची बहीण आता अख्ख्या देशाचं गणित मांडणार!" तो तिथे फोरमन होता. माणूस भारी बोलका. जेवताना बोलायला लागला की घास हातातच राहायचा.

पहिलं वर्ष तिनं कसं काढलं ते तिचं तिलाच ठाऊक. तळघरात बिनखिडकीची खोली, टेबलाला टेबल लावून बसलेले विद्यार्थी, आणि फळ्यावर एक कुटुंब. हो, एकच! साऱ्या देशाच्या वतीनं तेच कमावणार, तेच खर्च करणार, आणि वर कधी मरणारही नाही. मॉडेल म्हणतात त्याला. तिनं हे फोनवर सांगितलं तेव्हा दादा हसून हसून बेजार झाला. "कधी मरत नाहीत? अगं, मग मला त्यांच्याकडे दत्तक दे की!"

दुसऱ्या वर्षी कारखाना बंद पडला. दादानं आधी पुष्कळ खटपट केली, मग कमी, मग नुसता गॅलरीत बसू लागला. तिनं फोन केला तर "बरं आहे" एवढंच बोलायचा. पुढे तेवढंही नाही, आईच बोलायची. आकडेबाईला वाईट वाटायचं. पण खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही व्हायचं, कारण तिच्या मानेवर तिच्या पहिल्या संशोधनलेखाचं जू होतं. लेख समितीपुढे टिकला तर पुढचं संशोधन. नाही टिकला तर एम.ए.चा कागद हातात देऊन घरी रवानगी. मधली वाट नव्हती.

विषय तिनंच निवडलेला: मंदीत नोकरी गेलेली माणसं पुन्हा कामाला कधी लागतात? त्यावर एक सरकारी पाहणी चालू होती. नोकरी गेलेल्यांना दर काही महिन्यांनी फोन करून विचारत, काम मिळालं का. ती आकडेवारी तिनं मॉडेलमध्ये घातली, आणि काय सांगावं, आलेखाची रेघ अशी सुरेख आली! आधी धाडकन खाली, मग हळूहळू वर, आणि तीन वर्षांत जवळजवळ सगळे कामावर. मॅडम, म्हणजे तिच्या मार्गदर्शक, एरवी कुणाचं कौतुक करतील तर शपथ. त्यासुद्धा म्हणाल्या, "छान. आता याला हात लावू नकोस."

समितीच्या आधी ती घरी जाऊन आली. दुपारी गॅलरीत दादाचा फोन वाजला. त्यानं नंबर पाहिला आणि फोन खुर्चीतल्या उशीखाली सारला.

"कोण रे?"

"ते पाहणीवाले. काम मिळालं का म्हणून विचारतात."

"मग सांगून टाक ना."

"किती वेळा नाही म्हणू? आधी सांगत होतो. ती पोरगी बिचारी दर वेळी म्हणायची, 'धन्यवाद, शुभेच्छा.' आता नकोच वाटतं."

आकडेबाईला एकदम आपली ती रेघ आठवली. आकडेवारी साफ करताना तिनं संगणकाला एक सूचना दिली होती. सगळेच देतात, पहिल्याच सत्रात शिकवतात: ज्यानं मधेच उत्तर देणं थांबवलं, त्याची अख्खी नोंद गाळा. काम मिळालेले खुशीनं फोन उचलत होते. न मिळालेले कंटाळून गप्प झाले होते, आणि त्या गप्प झालेल्यांना तिनं आपल्या हातानं बाहेर काढलं होतं. मग रेघ वर चढेल नाही तर काय करेल! त्या काढलेल्यांत तिचा सख्खा भाऊ होता.

परत आल्या आल्या तिनं मॅडमना गाठलं.

"अगं, हे सगळ्यांनाच माहीत असतं," मॅडम म्हणाल्या. "एक तळटीप टाक. समिती होऊ दे, मग सावकाश बघू."

बाई वाईट नव्हत्या. आपली विद्यार्थिनी बुडू नये एवढंच त्यांना वाटत होतं. आकडेबाईनं तळटीप लिहिली, वाचली आणि खोडली. गाळलेली माणसं परत आत घेतली. त्यांचं पुढे काय झालं कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून एकदा ती सगळी कामाला लागली असं धरून पाहिलं, एकदा कुणीच लागलं नाही असं धरून. दोन्हींत एवढं अंतर पडलं की ती सुरेख रेघ कुठल्या कुठे गेली.

समितीतल्या वयस्कर प्राध्यापकांनी अगदी मायेनं विचारलं, "मग तुमचा निष्कर्ष काय?"

"सांगता येत नाही, सर. ज्यांना सांगता आलं असतं, ते बोलायचेच थांबलेत."

"ही अडचण झाली. निष्कर्ष?"

तो तिच्याकडे नव्हता. मॅडम मान खाली घालून पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या.

एम.ए.चा कागद आणि सामान घेऊन ती घरी आली. दादानं गॅलरीतली दुसरी खुर्ची पुसून दिली. तिनं सगळं सांगितल्यावर त्यानं विचारलं,

"मी फोन उचलला असता तर पास झाली असतीस का गं?"

"नाही रे वेड्या. तुझ्या एकट्याच्यानं काय होणार होतं?" ती म्हणाली, आणि तिला रडूच आलं.

मग तिनं अर्ज केले. आधी पुष्कळ, मग कमी. मधून मधून विद्यापीठातून फोन यायचा. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची पाहणी चालली होती.

"काम मिळालं का?"

"अजून नाही."

"धन्यवाद. शुभेच्छा."

पुढच्या खेपेलाही तेच. एका दुपारी तोच नंबर पुन्हा आला. ती नुसती बघत राहिली.

"उचल की, आकडेबाई," दादा म्हणाला. "नाही तर तुला गाळतील."

"गाळू देत," ती म्हणाली, आणि तिनं फोन उशीखाली सारला. तो वाजायचा थांबेपर्यंत दोघं समोरच्या इमारतीकडे बघत बसली.