सैनिकाचा नवरा

चूक सर्वस्वी माझी. निवृत्त मास्तराच्या हातात माइक देणं ही आयोजकांची चूक म्हणता येईल, पण पुढचं सगळं माझ्याच मुखातून बाहेर पडलं.

माजी सैनिकांच्या संघटनेने रत्नागिरीत सैनिक-कुटुंबांचा मेळावा भरवला होता. सकाळी फौजींच्या बायकांच्या ओट्या भरायच्या आणि जेवणानंतर त्यांच्या अडचणी ऐकायला एक कर्नलसाहेब येणार, असा बेत. मी खड्या आवाजात पुकारलं, "सौभाग्यवती वेदिका संदेश कळंबटे! सीमेवरच्या पतीच्या आठवणीचा दिवा डोळ्यांत तेवत ठेवणाऱ्या या भगिनीने व्यासपीठावर यावं!" हे वाक्य सकाळपासून मी प्रत्येकीला लावत होतो. पहिलीला टाळ्या पडल्या होत्या, मग बदलायचं कशाला?

मधल्या रांगेतून भगिनी उठली. तिला भरघोस मिशी होती. कडेवर दीड वर्षाची पोर आणि नखांत ग्रीस.

"वेदिका ड्युटीवर हाय," तो तिथूनच म्हणाला. "फौजेत ती हाय, गुरुजी. दिवा माज्याकडं हाय."

मांडव उसळला. मी "अरेच्चा" म्हणालो आणि तेही माइकमधूनच. पहिल्या रांगेतून माझ्या बायकोने कपाळाला हात लावलेला मला स्पष्ट दिसला.

दुसरा कुणी असता तर हसून खाली बसला असता, नाहीतर बाहेर जाऊन चहा पीत मला शिव्या घातल्या असत्या. संदेश कळंबटे सरळ पायऱ्या चढून वर आला आणि सवाष्णींसाठी मांडलेल्या खुर्चीवर पोरीला मांडीवर घेऊन बसला. महिला मंडळाच्या गोदाकाकू हळदीकुंकवाचा करंडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माइकवाल्याकडे पाहिलं. माइकवाला वायरी बघत बसला.

"नेसव गो त्याला साडी!" मागून कुणीतरी ओरडलं. तिसऱ्या रांगेत संदेशची आई, मालन, हिने पदर पार नाकापर्यंत ओढला.

संदेशने शर्ट पँटीतून बाहेर काढून पुढे धरला. "भरा, गोदाकाकू."

"अरे पण बापयाची ओटी कशी रे भरायची?"

"माज्या घरचं मानूस फौजेत हाय का नाय? मंग भरा. नारळाला सोताला शेंडी हाय, तो माज्या मिशीला कशाला बिचकतोय?"

गोदाकाकूंनी 'देवा, पदरात घे' म्हणत ओटी भरली. मूठभर तांदूळ संदेशच्या पँटीत गेले आणि मूठभर पोरीने तोंडात घातले. ओटीत आलेली साडी त्याने उलटून पालटून बघितली. "ही आयेला होईल. पुढल्या वर्षी एक पँटपीस ठेवा. मी दरसाल येनार हाय."

हा संदेश हातखंब्याच्या तिठ्यावर पंक्चर काढतो. महामार्ग रुंद होत गेला तसं त्याचं दुकान मागे मागे सरकत एका काजूच्या झाडाखाली येऊन टेकलंय. याच रस्त्यावरून वेदिका भरतीची तयारी म्हणून रोज पहाटे धावायची. एकदा तिच्या बुटाचा तळवा उकलून जिभेसारखा लोंबायला लागला. संदेशने त्याला ट्यूबचा तुकडा लावून वर इतकं सोल्युशन फासलं, की बूट फाटला असता पण पॅच निघाला नसता. त्याच बुटावर ती भरतीला धावली आणि मिलिटरी पोलिसात लागली. पुढे लग्न ठरायला आलं तेव्हा संदेशच्या मामाने विचारलं, "पोरगी काय करते?" "फौजेत हाय." "आनि आमचा?" "पंक्चर काढतो." मामा म्हणाला, "मंग हुंडा कोनी कोनाला द्यायचा?" कुणीच कुणाला दिला नाही. नवरी घरात आली ती आपली काळी ट्रंक घेऊन. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात तिचं नाव आणि हुद्दा होता. गावात तोवर अशा ट्रंका पुष्कळ आल्या होत्या, पण त्या बापयांच्या.

त्यांची पोर दूर्वा. बाळंतपणाची रजा संपवून वेदिका परत गेली आणि दूर्वा दुकानात वाढू लागली. छपराच्या वाशाला झोळी बांधलेली, शेजारी कंप्रेसर. तो धडधडत असला की पोर गाढ झोपते आणि बंद पडला की जागी होऊन भोकाड पसरते. त्यामुळे गिऱ्हाईक नसतानाही संदेश कंप्रेसर चालू ठेवतो. "पाळना इजेवर चालतो आमचा," म्हणतो.

पण एक गोष्ट त्याला हसण्यावारी नेता येईना. वेदिका रोज फोनवर दिसायची. त्यामुळे दूर्वाच्या लेखी आई म्हणजे चौकोनी, हातात मावणारी, मधूनच अडकणारी अशी एक वस्तू झाली होती. मागच्या सुटीत वेदिका दारात उभी राहिली तेव्हा पोर तिला बघून किंचाळली, आजीच्या पाठीमागे दडली आणि तिथून फोनकडे हात करून "आई, आई" रडू लागली. त्या दिवशी वेदिका जेवली नाही. सुटीवरून परत गेल्यावर तिने आपल्या ठाण्यावर फॅमिली क्वार्टर मागितलं. ते मंजूरही झालं. आता फॅमिलीने तिथं जायचं होतं, आणि फॅमिली म्हणजे हा मिशीवाला आणि ती पोर.

मालनने जेवण सोडलं नाही, पण संदेशशी बोलणं सोडलं. जे बोलायचं ते ती चुलीशी बोले. "घरजावई निदान सासऱ्याच्या घरी जातो. आमचा सरकारच्या घरी निघालाय!" पाणवठ्यावर, दुकानात, एसटीत तेच. बायकोच्या ताटाखालचं मांजर, बायकोचा शिपाई, काय काय नावं पडली. संदेश ऐकून घेई आणि टायर जरा जास्त जोराने ठोकी.

तर मेळाव्याची दुपार. कर्नलसाहेब सांगलीकडचे, मोकळ्या गळ्याचे. त्यांनी विचारलं, "कुणाची काय अडचण?" पहिला हात संदेशचा वर गेला. सकाळच्या पापाचं क्षालन म्हणून मी माइक घेऊन धावलो आणि वायरीत पाय अडकून त्याच्या मांडीवरच पडता पडता वाचलो.

"साहेब, फौजीची बायको क्वार्टरात ऱ्हाते ना?"

"राहते की."

"मंग फौजीचा नवरा?"

"तोबी राहतो. कुटुंब म्हणजे कुटुंब. क्वार्टर मिळालंय न्हवं? मग अडचण काय?"

"तसं ठावं हाय मला. वेदिकानं सगळं इचारून घेतलंय," संदेश म्हणाला. "अडचन अशी की, माजी आय बसलीय ती, आनि मागं अक्खा गाव बसलाय. मी सांगून दमलो. तुमी जरा उबं ऱ्हाऊन मोठ्यानं बोला."

कर्नलसाहेब उठले, टोपी घातली, माझ्या हातातला माइक काढून बाजूला ठेवला आणि परेडच्या मैदानावर देतात तशा आवाजात म्हणाले, "लान्स नाईक वेदिका कळंबटे यांचे पती आणि मुलगी आपल्या हक्काच्या घरी राहायला चाललेत! कुणाला शंका?"

माइकशिवाय ते वाक्य साळवी स्टॉपपर्यंत गेलं असावं. पण सकाळचा तो मागचा आवाज तसा सहज मरणारा नव्हता. "मंग थितं काय, फौजींच्या बायकांबरोबर शिवन शिकनार?"

"शिकवत असतील तर शिकीन की!" संदेश वळून म्हणाला. "ट्यूबला ठिगळ लावतो, बिलाउजला लावायला काय मोठं? तुजी चड्डी धाड तिकडं, उसवलेली आसंल."

या वेळचा हशा दुसऱ्या बाजूचा होता. तो ओसरल्यावर तिसऱ्या रांगेतून मालनचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी ती चुलीऐवजी मुलाशी बोलत होती. "थंडी आसते म्हनं तिकडं. पोरीला कानटोपी घाल. आनि तांदूळ हितनं ने, तिकडचा भात तिला पचायचा नाय." मग तिने पदर नाकावरून खाली घेतला. "दिवाळीला मी येनार हाय. सरकारची चूल कशी आसते ती बघू दे मला."

पुढच्या आठवड्यात माझ्या स्कूटरचं मागचं चाक बसलं. खरं सांगायचं तर बसलं नव्हतं, पण हातखंब्याला जायला निमित्त हवं होतं. दुकान संदेशने चुलतभाऊ अनिलच्या ताब्यात दिलं होतं, पण तो अजून तिथंच होता. काजूच्या झाडाखाली एक नवी ट्रंक वाळत ठेवलेली, तिच्यावर पांढऱ्या रंगात ठसठशीत अक्षरं: 'संदेश कळंबटे, पती, लान्स नाईक वेदिका कळंबटे.' रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक एसटीला वाचता यावं अशा बेताने ती तिठ्याकडे तोंड करून ठेवली होती. दूर्वा त्या ट्रंकेवर चढू बघत होती आणि तिचे दोन्ही तळहात पांढरेफटक झाले होते.

मला त्याचं कौतुक वाटत होतं, पण मास्तराचा जीव, काळजी केल्याशिवाय राहवेना. म्हटलं, "अरे संदेश, हे सगळं ठीक. पण हाताला काम असलेला माणूस तू. बायको ड्युटीवर गेल्यावर त्या परक्या मुलखात, चार भिंतींत, पोरीला घेऊन दिवसभर करणार काय तू?"

त्याने माझ्या चाकातली हवा तपासली, ती पुरेपूर होती, आणि मान वर न करता म्हणाला,

"आमच्या काकी तुमच्या घरात जन्मभर करतायत तेच."