आईनं स्वतः नेसलेलं लुगडं

खुब्याच्या ऑपरेशननंतर दादानं आईला लातूरच्या दवाखान्यातून नांदेडला आपल्या घरी नेलं आणि तिच्या उदगीरच्या घराची किल्ली खिशात घातली. मी भेटायला गेले, तर जन्मभर नऊवारी नेसलेली आई गाऊनमध्ये पलंगावर पडून. वहिनी तिला चमच्यानं वरणभात भरवत होती. आईचे धडधाकट हात नुसते मांडीवर.

"काडी उचलू देत न्हाई आम्ही तिला," दादा पाहुण्यांना सांगत होता. पाहुणे वहिनीची तारीफ करत होते. उदगीरच्या घरासाठी भाडेकरूसुद्धा बघून ठेवला होता.

"एकटी कशी राहील ती? डॉक्टरला विचार," तो मला म्हणाला.

"विचारू की. तपासणीपर्यंत माझ्याकडं राहू दे."

लातूरला माझ्या घरी आणल्यावर गाऊनची फरशीपुसणी केली. स्वयंपाकघरात कागद चिकटवला: अंघोळ, संडास, चहा, जिना, लुगडं. जमेल तसं खोडत गेलो. आई रडायची, मला सासूबाई म्हणायची. मी शेजारी उभी राहायचे, हात द्यायचे नाही. लुगडं सगळ्यात अवघड. भिंतीला टेकून निऱ्या व्हायच्या, पण मागं कासोटा खोचायला भिंत सोडावी लागते, आणि तिथंच तोल जायचा. जमलं त्या दिवशी आई म्हणाली, "दादाला फोन लाव."

मी लावला नाही. मला त्याचं तोंड समोर बघायचं होतं.

तपासणीला तो व्हीलचेअर घेऊन आला. लुगड्यातल्या आईला बघून माझ्यावर उखडला. "कशाला नेसवलंस? आत सोडायला लागंल." कुणी नेसवलं ते मी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, अंघोळ कोण घालतं?"

"घालावी लागती," दादा बोलला.

"कपडे?"

"तिला न्हाई जमत."

आई काठी टेकत पडद्यामागं गेली. डॉक्टरांनी पाय तपासला आणि ते बाहेर येऊन बसले. आतून आईचा आवाज आला, "सिस्टर, हात लावू नका." आम्ही थांबलो. दादा घड्याळ बघत होता. आई बाहेर आली ती पदर सारखा करत, कासोटा घट्ट खोचून.

"राहू द्या की यांना यांच्या घरी," डॉक्टर म्हणाले.

आईनं दादापुढं हात केला. "किल्ली."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी नजर हटवली नाही.

आता तो उदगीरला आला की आई त्याला बाजेवर बसवते. "उठू नको बाबा, पडशील," म्हणत शेजाऱ्यांसमोर चहा बशीत ओतून, फुंकर घालून त्याच्या तोंडाला लावते. तो येणार असला की मी लातूरहून सकाळचीच बस धरते.