तिसरी टाकी

पाइपावर पान्याचे दोन ठोके दिल्याशिवाय मामांची पाण्याची मोटार सुरू होत नसे. म्हणजे ती बटणानेच सुरू व्हायची, बसवली मीच होती, पण आधी टक् टक्, मग "डबल!" अशी आरोळी आणि मगच बटण. एसटीत दोनदा घंटी वाजली की गाडी निघते, एकदा वाजली की थांबते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मामा म्हणजे अख्ख्या गावाचे मामा; सगळी नोकरी त्यांनी एसटी चालवण्यात काढली होती. रिटायर होऊन वालूरला परतले तरी त्यांच्या डोक्यातली गाडी काही डेपोत लागली नव्हती.

माझं गावात मोटारी दुरुस्त करायचं दुकान. मामा तिथे यायचे, पण बसायचे नाहीत. स्टूल पुढे केलं की त्याला धरून उभे राहायचे. चहा अर्धा दुकानात, अर्धा रस्त्यावर. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, ज्याच्याकडे नुसतं बघूनच आपल्याला दम लागतो.

एके दिवशी ते मोबाइलवर व्हिडिओ घेऊन आले. पॉलिहाऊसमध्ये जमिनीत माशांच्या टाक्या, बाजूला खडीच्या वाफ्यात भाजी. माशांच्या घाणीचं पाणी भाजीला जातं, भाजी त्यातलं खत घेते आणि पाणी निवळून पुन्हा माशांकडे येतं.

"मिस्त्री, ही आपलीच गाडी हाय. डेपोतून निघती, डेपोतच येती. फकस्त थांबायचं न्हाई."

"मामा, मेमध्ये आपल्याकडं माणसं उकडतेत. मासे कसे राहतील?"

"म्हणून तर टाक्या जमिनीत. खाली गार ऱ्हातंय."

यामागची खरी गोष्ट मला मामींकडून कळली. मुलगा पुण्याला, चौथ्या मजल्यावर. त्याने आईबापासाठी एक खोली रंगवून ठेवली होती. मामींना नातवंडांत जायचं होतं, मामांना जायचं नव्हतं. शेवटी मामींनीच तोड काढली. "एक उन्हाळा देते तुमाला. मासे जगले तर मी बी हितंच ऱ्हाईन. मेले तर गुमान पुण्याला चलायचं." मामांनी कबूल केलं. म्हणजे त्या टाक्यांत नुसते मासे नव्हते, मामांचं गावात राहणंच त्यात सोडलेलं होतं.

पहिल्या टाक्या त्यांनी काळ्या मातीतच खणल्या. आमच्याकडे घराचा पायासुद्धा मुरूम लागल्याशिवाय भरत नाहीत, कारण ही माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. मी म्हटलं होतं, खाली जा. पण मामांना पाणी फिरताना बघायची घाई. शेततळ्याचा जाड प्लास्टिकचा कागद अंथरला, पाणी भरलं. ऊन तापायला लागलं तशी कागदामागची माती फाटली, कागद भेगेत ओढला गेला आणि टरकला. एक टाकी सकाळपर्यंत रिकामी.

मी मनातून खूश होतो, आता तरी म्हातारा बसेल. दुसऱ्या दिवशी गेलो तर ते कमरेएवढ्या खड्ड्यात उभे, हातात कुदळ. "बघत काय बसलाव? उतरा खाली."

मुरमापर्यंत खणलं. आतून मुरूम ठोकून घेतला, नवा कागद टाकला. निळे ड्रम उभे चिरून त्यांत खडी भरली. तीन टाक्यांत चिलापीची पिल्लं सोडली, खडीत मेथी आणि टोमॅटो लावले. पॉलिहाऊसवर हिरवी जाळी ताणली. मामा टाकीभोवती दिवसभर फिरायचे, वाकून कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचे, पुन्हा फिरायचे. एप्रिलमध्ये गावात सगळीकडे करपलेलं असताना मामींनी ताजी मेथी खुडून नेली. मला वाटलं, बाई हरल्या. त्यांच्या तोंडावर मात्र हसू होतं.

मेच्या मध्यात मामांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी परभणीला जावं लागलं. तीन दिवसांचं काम. किल्ली माझ्या हातात देताना ते चार वेळा माघारी वळले. "खायला मी टाकून ठिवलंय. तुमी फकस्त मोटारीकडं बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर मासे वर आलेले. सगळे पाण्याच्या कडेला, तोंडं उघडत-मिटत. मोटार चालू होती, पाणी पडत होतं. लहानपणी आई मला गंगाखेडला गोदावरीवर न्यायची, ती कणकेच्या गोळ्या घेऊनच. मासे तोंड वर काढायचे आणि आई म्हणायची, "बघ, भुकेजले लेकरं." आमच्या भागात मासा तोंड उघडतो तो खायला मागतो, एवढंच शास्त्र. मला भडभडून आलं. घरी जाऊन बायकोकडून परातभर कणीक मळून आणली. पहिल्या टाकीत गोळ्या टाकल्या, दुसरीत टाकल्या. मासे वरच राहिले, म्हणून आणखी टाकल्या. तिसऱ्या टाकीपर्यंत कणीक पुरली नाही.

गरम पाण्यात हवा कमी पडली की मासे श्वासासाठी वर येतात, हे मला नंतर कळलं. सकाळी दोन टाक्यांवर पांढरी पोटं तरंगत होती. पाण्याला आंबूस वास. तिसऱ्या टाकीतले तेवढे वाचले, ते माझ्या अकलेने नव्हे, कणीक संपली म्हणून.

मामा डोळ्याला पट्टी लावून आले. मामी मागे उभ्या. मामा वाकले, मोटारीच्या जाळीत हात घातला, काहीतरी काढून मुठीत धरलं. एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं.

"बुडबुडे सोडायचा पंप आणायचा म्याच टाळलं. चूक माझी हाय," मामा मामींना म्हणाले.

मी तोंड उघडायला हवं होतं, उघडलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

मामी हळूच म्हणाल्या, "तिसरीतले हायेत की जित्ते."

"बोलणं झालं ते झालं." मामांनी पान्याने पाइपावर एकच ठोका दिला आणि पालथ्या क्रेटवर बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो.

पुण्याला जाताना ते एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. मी फाट्यापर्यंत सोबत गेलो. गाडी वळणावर आली तेव्हा पाहिलं, त्यांचा उजवा पाय खाली ब्रेक दाबत होता.

टाकी माझ्याकडे राहिली. रोज सकाळी फोन यायचा, "मिस्त्री, पाणी फिरायलंय का?" मी फोन पाइपाजवळ धरून दोन ठोके द्यायचो. तिकडून "डबल!" आणि फोन बंद. एकदा धीर करून कणकेचं सांगितलं.

"म्हाईत हाय. जाळीतून म्याच काढल्या की गोळ्या."

"मग मामींना का न्हाई सांगितलं?"

"मला तर जावंच लागणार हुतं. तुमाला गावात ऱ्हायचंय."

श्रावणात दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मुलाचा आला. मामा झोपेतच गेले होते. एवढा फिरता माणूस झोपेत गेला, हे मला अजून पटत नाही.

तेराव्यानंतर एका सकाळी मी टाकीवर होतो आणि मामांच्याच नंबरवरून फोन वाजला. पलीकडून मामींचा आवाज आला.

"मिस्त्री, पाणी फिरायलंय का?"

मी पाना उचलला आणि पाइपावर दोन ठोके दिले.