नेलपॉलिशची रेघ

माझ्या दाजींचा, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, वायरीच्या रंगावर आणि माणसाच्या "सगळं बरोबर हाय"वर काडीचा विश्वास नाही. भवानी पेठेत त्यांचं विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. टॉवेल विणायच्या नव्या मागांवरच्या मोटारींना मागच्या बाजूला एन्कोडर नावाची डबी असते. मोटारीचा फिरता दांडा या घडीला कुठं आहे ते ती मोटारीला करंट सोडणाऱ्या ड्राइव्हला सांगते. डबी जरा सरकून बसली किंवा तीन फेजच्या वायरींचा क्रम चुकला, की मोटार एक तर जागेवर थरथरते, नाहीतर उधळते. म्हणून डबी काढण्याआधी दाजी डबी आणि दांडा दोन्हींवरून नेलपॉलिशची एक सलग रेघ ओढतात. परत बसवताना रेघेचे दोन्ही तुकडे जुळले पाहिजेत. मग वायरी तपासायच्या, दांडा हातानं फिरवून बघायचा आणि सगळ्यात शेवटी करंट. मागाचा मालक डोक्यावर उभा राहून कितीही बोंबलू दे, दाजींचं एकच, "करंटला काय घाई हाय?"

नेलपॉलिश अर्थातच ताईचं. बाटली आठवडाभर कपाटात टिकली तर शपथ! ताई लग्नाकार्याला कोऱ्या नखांनी जायची आणि गावातल्या मोटारी नटून फिरायच्या. घरच्या कुकरवर रेघ, मिक्सरच्या भांड्यावर रेघ. मंद्रूपला माझ्या लग्नात तर दाजी होमाजवळ सरकून भटजींना म्हणाले, "फिरायची दिशा बघून घेतली न्हवं?" माझ्या सासरचे अजून विचारतात, तुमचे ते दाजी बरे आहेत ना.

दिवाळीनंतर ताईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. ती चालायला लागली, पण हात उठेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हात रोज हळूहळू फिरवा. दाजींनी विचारलं, "आधी कुठल्या बाजूनं?" मला हसू फुटलं. तेव्हापासून दुकान उघडण्याआधी ते तिचा हात धरून फिरवतात आणि भिंतीवर हात जिथवर पोचेल तिथं नेलपॉलिशचा ठिपका लावतात. कितीतरी दिवस ठिपक्यावरच ठिपका पडत होता. ताई रडायची, "सोडा आता. गेला हा हात."

"करंटला काय घाई हाय?" दाजी म्हणायचे आणि परत फिरवायला घ्यायचे.

परवा रविवारी माझ्यासमोर तिचं एक बोट आपणहून हललं. तशी ताई म्हणाली, "आवो, मोटारीला लावता, भिंतीला लावता, एकदा माझ्या नखाला लावा की!"

दाजींनी चष्मा चढवला. तिच्या बोटाला आपलं बोट चिकटवून धरलं आणि दोन्ही नखांवरून एक सलग रेघ ओढली.

"असं लावत्यात व्हय नेलपॉलिश?" ताई म्हणाली.

"आता सरकलं तर कळंल."

ताईचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. दाजी मात्र हल्ली दुकानात आपल्या त्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळून बसतात, थिनरनं रेघ पुसली जाऊ नये म्हणून.